फिनर्टीच्या पबमधली शिंक

शरयू करंदीकर सिॲटलला इतिहासाची पीएचडी करत होती. १९८४च्या उन्हाळ्यात फिनर्टीच्या जुन्या आयरिश पबचा इतिहास लिहायला ती तिथं जाऊन बसली.

दुपारी तीनला मागच्या भिंतीतून शिंक ऐकू आली. गिऱ्हाईकांनी ग्लासातून मान वर न काढता "ब्लेस यू!" म्हटलं.

"कोण शिंकलं?" शरयूनं विचारलं.

"भिंत," फिनर्टी काउंटर पुसत म्हणाला. "आजोबांनी पब उघडला तेव्हापासून रोज शिंकते. आपण आपले मॅनर्स सोडायचे नाहीत."

शरयू बाहेर जाऊन बघून आली. भिंतीपलीकडे खोली नव्हती, थेट तळ्याचं पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी शिंक आली, तेव्हा लिहिता लिहिता सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "शतंजीव!"

आणि भिंत पहिल्यांदाच बोलली. आवाज म्हाताऱ्या बाईचा होता, आणि मराठीत होता.

"अगं बाई! कुणाची गं तू?"

आठ महिन्यांत शरयूशी कुणी मराठीत बोललं नव्हतं. ती घाबरली, तरी तिचे डोळे भरून आले.

"करंदीकरांची, मावशी. साताऱ्याची."

"मग तिकडे बाहेर काय बसलीस? थांब, दार उघडते."