बावन्न सेकंद

“ताई, आमच्या सासूबाई खरंच असं म्हणाल्या?” योगिताने फोनवर विधीला एवढंच विचारलं. ती सासूशी भांडून जामनेरला, माहेरी निघून आली होती.

कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनच्या पट्ट्यात सापडून तिचा नवरा वना गेला, त्याला तीन वर्षं झाली होती. जळगावची विधी अशा कामगारांच्या घरच्यांवर पीएच.डी. करत होती. पारोळ्याजवळच्या गावात जाऊन तिने वनाच्या आईची, गजराअक्काची, मुलाखत घेतली होती. चूक कोणाची होती, या प्रश्नाचं अक्काचं उत्तर तिच्या लेखात छापून आलं होतं: ‘चूक कोणाचीच नव्हती. त्याच्या नशिबात होतं.’ लेख विधीनेच मोठ्या हौसेने योगिताला पाठवला होता.

फोन ठेवून विधीने ते वाक्य पुन्हा वाचलं. अक्का अहिराणीशिवाय बोलतच नव्हती. हे वाक्य स्वच्छ, पुस्तकी मराठीत होतं. मुलाखतींची ध्वनिमुद्रणं तिने एआयकडून लिहून घेतली होती. त्याने अहिराणीची प्रमाण मराठी करून दिली, तेव्हा तिला बरंच वाटलं होतं. चाळीसपैकी पाच मुलाखती तिने स्वतःच्या कानांनी ताडून पाहिल्या. ही त्या पाचांत नव्हती.

तिने मूळ ध्वनिमुद्रण लावलं. प्रश्न ऐकू आला. पुढे बावन्न सेकंद कोणी बोललंच नव्हतं. त्या रिकाम्या जागेत यंत्राने आपल्या मनचं वाक्य भरलं होतं.

“एका वाक्यानं काय होतं?” तिचे मार्गदर्शक हितेंद्र सर म्हणाले. “त्या पिढीच्या बायका असंच बोलतात. छापून आलंय, आता उकरू नकोस.”

“बोलत असतील, सर. ही बोलली नव्हती.”

लेख मागे घेते म्हणून तिने संपादकांना लिहिलं, योगिताला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याची बस धरून पारोळ्यामार्गे अक्काच्या गावी पोचली.

अक्का घरात एकटीच होती. विधीने छापलेलं वाक्य वाचून दाखवलं. अक्काने मान हलवली.

“हाई मन्हा तोंडनं नही शे, माय. सूनले किती सांगं. ती म्हने, छापेल शे ते खोटं कसं?”

“मी तिला सांगितलंय अक्का, चूक माझी आहे म्हणून.”

“काय म्हने ती?”

“ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.”

अक्काने विधीच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. मग म्हणाली, “लाव ते. माले आयकू दे.”

मध्ये फोन ठेवून दोघी ऐकत बसल्या. विधीचा आवाज आला, प्रश्न विचारणारा. मग नुसता पंखा. लांब कुठे तरी ट्रॅक्टर. अक्काच्या बांगड्या एकदा वाजल्या. आणि बाहेरून कोणीतरी हलकेच खोकलं.

“आयकं का?” अक्का म्हणाली.

“काय?”

“खोकला. जिनिंगना मुकादम. तो दारमा बठेल व्हता. मी काय बोलसू?”

त्या दिवशी घर सापडेना म्हणून विधीनेच त्याला वाट विचारली होती. त्याने तिला मोटरसायकलवरून इथपर्यंत आणलं होतं आणि मुलाखत संपेपर्यंत तो ओट्यावर थांबला होता. तिने त्याचे आभार मानले होते. लेखातसुद्धा.

“आज तो नाही, अक्का,” ती म्हणाली. “आता सांगा.”

अक्का उठली. दारात जाऊन तिने गल्लीत दोन्हीकडे पाहिलं, दार लोटून कडी घातली. मग विधीसमोर येऊन बसली आणि तिने फोनकडे बोट केलं.

“पहिले ते बंद कर.”