ठिबकचं प्रेशर

गुरुग्रामच्या फ्लॅटच्या बाल्कनीत धवलने झाडांसाठी हौसेने ठिबक सिंचन बसवलं, पण सकाळी टायमर सुरू झाला की पाण्याला प्रेशरच नसायचं. नेमकी त्याच वेळी आईची आंघोळ चालू असायची, त्यामुळे कारण शोधायला प्लंबर लागला नाही.

"आई, आंघोळ जरा उशिरा करत जा ना, यार. झाडं वाळतायत."

"आणि तोवर देवपूजा काय पारोशानेच करू?"

आई ऐकेना. शेवटी धवलने तिला पानिपत रोडवरच्या एका वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं. तिथे चोवीस तास गरम पाणी असतं, हे त्याने सगळ्या नातेवाइकांना आवर्जून सांगितलं.

तरीही प्रेशर वाढेना, तेव्हा मात्र प्लंबरला बोलावलं. त्याने ठिबकचा फिल्टर उघडला, आतला गाळ झटकला आणि म्हणाला, "बस, इतना ही था, सर." झाडं न्हाऊन निघाली.

धवलची बायको अश्लेषा ओशाळून म्हणाली, "अरे, मग आईंना परत आणू या ना."

 

"तिच्या खोलीत कुंड्या ठेवल्यात, यार. झाडांना अशी जागा बदललेली सोसत नाही."