मनकर्णाबाईचं खुराडं

एकोणीसशे त्र्याहत्तर सालच्या मार्गशीर्षात, मेडशीला मनकर्णाबाईच्या अंगणात रामधन खुराडं बांधत होता.

खर्च काहीच नव्हता. पायाला नाल्यातले दगड, भिंतींना मागच्या सालच्या तुराट्या, वर शेणामातीचं लिंपण. गार वारा उत्तरेकडून यायचा, म्हणून ती बाजू त्यानं बंद केली. दार उगवतीला ठेवलं. आत वाफ कोंडू नये म्हणून छपराखाली बोटभर फट सोडली.

"मागच्या थंडीत दोन गारठल्या," मनकर्णाबाई म्हणाली. "आता एकबी जाऊ नये, भाऊ."

"बाकीच्या कुठी हायेत?"

"वावरातल्या झोपडीत. हे वाळलं का आणीन. चारी वळखू येतात माह्या, पायात निळा दोरा बांधला हाय."

रामधन मान खाली घालून चिखल तुडवत राहिला.

कुडापलीकडून शेजारची कस्तुराबाई म्हणाली, "कोंबड्याइले माडी बांधून राह्यली काय वं?"

"तुयासारकी चरबी नाही त्याइच्या अंगावर."

रामधन हसला. त्या अंगणात दोन वर्षांत कोणी हसलं नव्हतं. मनकर्णाबाईचा नवरा गेल्याला तेवढाच काळ झाला होता. रामधनचीही बायको गेलेली. तो गावाबाहेर आपल्या वावरात एकटाच राही.

विधवेच्या अंगणात परका माणूस नुसता बसला तर गाव बोलत असे. हातात काम असलं तर कोणी विचारत नसे. म्हणून खुराडं पुरं होऊन चालणार नव्हतं. रामधन घरी गेला की मनकर्णाबाई काडी घेऊन ओल्या लिंपणात भोक पाडायची.

"मुंगूस आलता," सकाळी ती सांगे.

"लय चिवट मुंगूस हाय, वयनी," म्हणत तो पुन्हा माती कालवी. मग चहा होई. पिकापाण्याचं, मेलेल्या माणसांचं बोलणं निघे. कोंबड्या कधी आणणार, हे मात्र त्यानं एकदाही विचारलं नाही.

माघात थंडी सरली. त्याच आठवड्यात रामधनचा मुलगा त्याला अकोल्याला घेऊन गेला. चार वर्षांनी तो तिकडंच वारला. कस्तुराबाई लेकाकडे वाशीमला राहायला गेली. मनकर्णाबाई पुढं अकरा वर्षं जगली आणि दर हिवाळ्यात खुराडं स्वतः लिंपत राहिली.

त्या माघात अकोल्याला निघायच्या सकाळी रामधननं आपल्या वावरातल्या कोंबड्या टोपलीत घालून आणल्या आणि तिच्या खुराड्यात सोडल्या. चार होत्या. चारींच्या पायात निळा दोरा होता. दिवाळीआधी मालेगावच्या बाजारात त्या विकताना दोरा सोडायचं मनकर्णाबाई विसरली होती.