दिवा लागतो, ठिणगी नाही

दिवा लागत होता, हॉर्न वाजत होता, पण ठिणगी काही पडत नव्हती. वोबोया मेस्त्रीने प्लग काढून इंजिनाला टेकवला आणि गिडुडूला किक मारायला सांगितली. काहीच नाही.

"सकाळी घासून धुतलीस कशाला?" भाड्याच्या मोटारसायकलींच्या अड्ड्यावरचा एक चालक, एक बोडावाला, चपातीचा घास चघळत म्हणाला. "मोटारसायकल आहे की नवरी?"

सगळे हसले. गिडुडूही हसला. त्याची बायको खाइंझा मात्र पाठीवर बांधलेल्या तान्ह्या नांबोझोला थोपटत रस्त्याकडे बघत उभी होती.

चार दिवसांपूर्वी गाडी घरी आली तेव्हाच तिने विचारलं होतं, "एवढी स्वस्त कशी? आणि कागद?" विकणारा कागद नंतर आणून देणार होता. कालपासून त्याचा फोन बंद होता. "कॉलेजात गेलीस ना, म्हणून तुला जिथेतिथे चोर दिसतात," गिडुडू म्हणाला होता. पण गेल्या बाजाराच्या दिवशी पुलाजवळ गाडीचोर म्हणून जमावाने ज्याला धरलं, त्याला कुणी कागद विचारले नव्हते. तिथल्या डांबरावर अजून जळका डाग होता.

वोबोयाने फ्यूज पाहिला, हँडलवरचं बटण खोलून पुसलं. मग टाकीखाली बोटं घातली. "भावा, ही लाल वायर मूळची नाही. कुणीतरी नंतर ओढलीये. जाते कुठे ही?"

खाइंझा पुढे झाली. "मेस्त्री, राहू द्या. ढकलत घरी नेतो आम्ही."

"थांब गं, नांबोझोची आई," गिडुडू म्हणाला. "सापडतंय आता."

तेवढ्यात रस्त्यापलीकडून एक माणूस आला. हातात हेल्मेट होतं, गाडी नव्हती. त्याने टाकीवरून हळूच हात फिरवला, आरशाच्या तड्यावर बोट ठेवलं.

"चालू होत नाही?"

"ठिणगीच नाही, दादा," वोबोया म्हणाला.

माणूस वाकला नाही. गिडुडूच्या डोळ्यांत बघत त्याने सीटखाली हात सरकवला, सकाळी गिडुडूने जिथला चिखल खरवडून काढला होता, बरोब्बर तिथेच. आत लपवलेलं बटण टक्क वाजलं.

"प्लग लावा. आता मार किक."

गाडी पहिल्याच किकेला सुरू झाली.

कुणी हसलं नाही. बोडावाल्याने उरलेली चपाती कागदावर ठेवली. बाकावरून एकेक जण उठून जवळ येऊ लागला. गिडुडूच्या तोंडावर मघाचं हसू अजून तसंच अडकलं होतं.

खाइंझाने छातीवरची फडक्याची गाठ सोडली. बाळाला पुढे घेऊन गिडुडूच्या छातीशी लावलं आणि फडकं त्याच्या पाठीमागून ओढून घट्ट बांधायला लागली.

"अगं, काय करतेस?"

"धर," जवळ येणाऱ्यांकडे बघत ती म्हणाली. "बाळ अंगावर असताना कुणी हात टाकणार नाही. दोन्ही हातांनी धर."