पुन्हा काढा

मंडळाचे अध्यक्ष मोरेश्वरकाका यांनी सोडतीची चिठ्ठी उघडली आणि माइकवरच हसले. "आता काय बोलायचं! शैलजा कारखानीस!"

डॅलसजवळच्या अर्विंगमधल्या एका शाळेच्या कॅफेटेरियात दिवाळीला जमलेली सगळी मंडळी खो खो हसली. शैलजा केव्हाच उठून उभी राहिली होती. डॅलस ते मुंबई, जाऊन-येऊन विमानाचं तिकीट! तीन वर्षांत नागपूरला जाणं झालं नव्हतं. नवऱ्याची, परीक्षितची, नोकरी गेली, मग मिळाली ती निम्म्या पगाराची. तिकडे अण्णांचा एक डोळा गेला होता आणि दुसराही फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याआधी तिला बापाच्या समोर उभं राहायचं होतं.

"हिला काय, रोजच लागतं!" मागून कांचन ओरडली. "परवा तर होडी लागली! बाल्कनीत उभी करून ठेवलीय!"

खोटं नव्हतं ते. सीरिअलच्या खोक्यावरची सोडत असो की साबणाचं घोषवाक्य, शैलजा एकही स्पर्धा सोडत नसे. तिच्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती, म्हणून दुपारभर बसून पोस्टकार्डं लिहायची. लोकांना होडी तेवढी दिसली. वाया गेलेली कार्डं कुणी पाहिली?

"शैलजा, तू आमची गुणी मुलगी," काका म्हणाले. "तुझ्या घरी बक्षिसं ठेवायला जागा नाही. यावेळी जरा मन मोठं कर. काय मंडळी, पुन्हा काढू या ना?"

"काढा, काढा! पुन्हा काढा!"

टाळ्या सुरू झाल्या. तिने अजून तोंडही उघडलं नव्हतं आणि अख्खा हॉल तिच्या मोठ्या मनासाठी टाळ्या वाजवत होता. चोर तो चोर, वर शिरजोर! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

परीक्षितने तिचा पदर ओढला. "बस ना यार, सीन नको करूस. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतायत. तुला ऐकू येत नाहीये का?"

तोवर काकांनी डब्यात हात घालून दुसरी चिठ्ठी बाहेर काढली होती. शैलजाने ती लांबूनच ओळखली. सपाट चिठ्ठी तळाला चिकटून बसते, पंख्यासारख्या घड्या घातल्या की हाताला लागते, हे या नादातल्या कुणालाही ठाऊक असतं. नियमांत घडीबद्दल काही लिहिलेलं नसतं. भाजीच्या पैशांतून वाचवून घेतलेल्या सोडतीच्या आपल्या सगळ्या चिठ्ठ्यांना तिने तशाच घड्या घातल्या होत्या. हॉलमध्ये दुसऱ्या कुणाला हे सुचणं शक्य नव्हतं.

काकांनी चिठ्ठी उलगडली. त्यांचं हसू मावळलं. त्यांनी ती मुठीत चुरगाळली आणि दुसरा हात पुन्हा डब्यात घातला.

"काय झालं, काका?" कुणीतरी विचारलं.

"काही नाही, काही नाही. कोरी निघाली."

शैलजाने परीक्षितच्या हातातून पदर सोडवून घेतला आणि खुर्च्यांमधून वाट काढत ती थेट स्टेजपाशी गेली. टाळ्या थांबल्या होत्या. माइक चालूच होता, त्यामुळे तिचं बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं.

"कोरीच आहे ना, काका? मग मला द्या ती."

मोरेश्वरकाकांनी मूठ पाठीमागे नेली.