पायात कडं असलेला पक्षी

पक्ष्याच्या पायात कडं होतं. म्हणजे तो कुणाचा तरी होता, आणि ज्याचा होता त्याला तो परत गेलाच पाहिजे, याबद्दल धोंडूबाईला तिळमात्र शंका नव्हती.

"अगो, मासळीच्या जाळ्यात अडकला व्हता. दे सोडून धरणात," तिचा नवरा कमळू म्हणाला.

"सोडू? नि उद्या कोण इचारीत आला तर? आधीच का कमी नाव झालंय माझं?"

नाव झालं होतं ते कोंबडीपायी. भातसा धरणाच्या काठच्या त्यांच्या पाड्यावर कोंबडी ओळखायची ती पायातल्या चिंधीवरून. धोंडूबाईची चिंधी हिरवी, शेजारच्या भागीरथीची लाल. दिवाळीनंतर बिनचिंधीची एक तांबडी तलंग, कोवळी कोंबडी, दोघींच्या कुंपणात सापडली. दोघींचीही एकेक हरवलेली. धोंडूबाईनं झटदिशी हिरवी चिंधी बांधली, आणि भागीरथीनं अख्ख्या पाड्यासमोर तिला चोरटी म्हटलं. समोरच्या घरातल्या जनानं निवाडा दिला, "खूण ज्याची, कोंबडी त्याची." जना स्वतः मात्र चिंध्या बांधत नसे. "माझी एकूण एक मी डोळं मिटून ओळखते," म्हणायची. तिचीही एक तेव्हाच गेली होती, पण ती मुंगसानं नेली. अंगणात उभं राहून तिनं मुंगसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता.

निवाडा झाला, पण 'चोरटी' काही पुसलं गेलं नाही. बाया धोंडूबाईला हळदीला बोलवीनात. भागीरथीनं तर बोलणंच टाकलं. टोमणे मारायचे ते भिंतीला ऐकवून. तलंग तेव्हापासून धोंडूबाईच्या डालग्याखाली. सोडून बघावी, जाईल आपल्या घरी, हे काय तिला कळत नव्हतं? पण सोडली आणि भागीरथीनं मधेच झडप घातली तर? आणि झडप न घालताच ती भागीरथीकडे गेली तर? या दुसऱ्या विचारानं तिची झोप उडायची.

तेव्हा आता हा पांढरा पाहुणा तरी मालकाच्या हातात द्यायचाच. पाटीत घालून, वर लुगड्याचा तुकडा टाकून ती निघाली.

"आता पांढरी बी पळवली वाटतं," भागीरथीनं भिंतीला सांगितलं.

भातसानगरच्या वसाहतीत हरेश राहायचा. धरणावर नोकरीला. सुटीच्या दिवशी गळ्यात दुर्बीण अडकवून काठानं हिंडायचा, म्हणून पाड्यावर सगळे त्याला अर्धवट समजत. धोंडूबाईनं पाटी पुढ्यात ठेवताच त्यानं तुकडा उचलला आणि ओरडलाच, "कुरव! मावशी, कुरव आहे हा, सीगल म्हणतात तो!"

"नाव नको रे बाबा. मालक सांग."

पण हरेशनं पुस्तक काढलं. पुस्तकात दोन कुरव शेजारी शेजारी, अगदी जुळे. एक काळ्या डोक्याचा, एक तपकिरी डोक्याचा.

"याचं डोकं तर पांढरंधोप हाय," धोंडूबाई डोकावून म्हणाली.

"थंडीत तो रंग जातो. डोळ्यामागं ठिपका उरतो, हा बघा. घरी परतायच्या आधी, होळीच्या सुमारास, परत चढतो."

"अगो बाई! घरी जायचं म्हणून नटतो मेला?"

"आणि लहान असताना आणखी वेगळा. पंखावर तपकिरी डाग, शेपटीला काळा पट्टा."

"मग ओळखायचा कसा?"

"डोळ्यात बघून."

दोघं वाकले. कुरवानं त्यांच्याकडे रागानं पाहिलं. बुबुळ फिकट होतं, ताकासारखं.

"तपकिरी डोक्याचा," हरेश खूश होऊन म्हणाला. मग त्यानं भिंगातून कड्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि त्याचा आवाजच बदलला. "मावशी, हा हिमालयाच्या पलीकडून आलाय. तिकडच्या तळ्यावर यांची घरटी. तिथल्या लोकांनी घातलंय हे कडं."

"मग त्यांना सांगावा धाड. न्या म्हणावं."

"न्यायला कशाला येतील? सोडायचा म्हणूनच कडं घातलं."

धोंडूबाई बघतच राहिली. "खूण करायची नि सोडून द्यायचं? मंग खूण कशाला?"

"कुठं जातो ते कळावं म्हणून. कोंडून ठेवला तर कसं कळणार?"

परतीच्या वाटेत धरणाच्या काठावर येऊन तिनं पाटी उघडली. कुरव उडाला, पाण्यावरच्या थव्यात शिरला, आणि त्यातला आपला कुठला तेही तिला कळेना. हंडा घेऊन आलेली भागीरथी तोंड उघडं टाकून बघत होती.

कोंबड्या खुराड्याकडे वळायच्या वेळी धोंडूबाईनं अंगणात येऊन डालगं उचललं. तलंगेच्या पायातली हिरवी चिंधी सोडली.  आता ही भागीरथीकडे गेली की जन्माची चोरटी.

"भागीरथे, मी धरनार नाय. तू पन धरू नको. बघू कुठं जाते ती."

पाणी घेऊन परतलेल्या भागीरथीनं हंडा खाली ठेवला. मजा बघायला समोर जनाही आपल्या दारात आली.

तलंगेनं अंग झाडलं. एकदा हिरव्या चिंधीच्या घराकडे पाहिलं, एकदा लाल चिंधीच्या. मग दोघींच्या मधून तुरूतुरू समोर गेली, जनाच्या खुराड्यात शिरली आणि वरच्या दांडीवर, कोपऱ्यातल्या जागेवर जाऊन बसली.

 मग भागीरथीनं धोंडूबाईचा हात घट्ट धरला आणि समोर हाक दिली, "जने! तुझा मुंगूस लय परामानिक निघाला गो! कोंबडी परत आनून दिली बघ!"