अडखळणारं फुलपाखरू

"अडकलं बघ, पुन्हा अडकलं!" अप्पांनी हाक मारली आणि शलाकाने कपाळाला हात लावला.

अर्धांगवायूनंतर वडिलांच्या उजव्या हाताला व्यायाम व्हावा म्हणून तिनेच हा खेळ लिहिला होता. पडद्यावर उडणारं फुलपाखरू माउसने पकडायचं, एवढंच. तिच्या लॅपटॉपवर ते अलगद तरंगायचं. अप्पांच्या जुन्या कॉम्प्युटरची सिस्टिम वेगळी, तिथे मेलं गचके खात उडायचं. ऑफिसातून दमून आलं की रोज त्या गचक्यांशी झटापट.

आज चूक सापडली. कॉम्प्युटरच्या आतल्या घड्याळाच्या दर टिकटिकीला फुलपाखराने एक पाऊल टाकायचं, असं तिने लिहिलं होतं. पण दोन्ही सिस्टिमची टिकटिक सारखी नव्हतीच. मग किती वेळ गेला ते पाहून तेवढंच अंतर उडायला तिने त्याला शिकवलं.

फुलपाखरू झुळझुळ उडू लागलं. "सुटले एकदाची!" म्हणत तिने खुर्चीत अंग टाकलं.

अप्पांचा हात थरथरत पुढे सरकला, अडला, पुन्हा सरकला. तोवर फुलपाखरू पडद्याच्या पार दुसऱ्या टोकाला पोचलं होतं.

"छान उडतंय गं," माउस सोडत ते म्हणाले. "आधीचं माझ्यासाठी थांबायचं."